बुलेटचा तान्हा पोळा

"कासव सांभाळाले काय अक्कल लागते का बापा!" मुकुटबनच्या आपल्या ओसरीत उभं राहून विमलताईनं छाती ठोकली. "तीन लेकरं वाढवले, दोन बैलजोड्या सांभाळल्या, लाथाडी म्हैस पिळली, अन् या तुह्या बापाले चाळीस वर्सापासून जेवू घालून राह्यली! हे त कासव आहे. पळून पळून जाईन कुठं? ओसरीतून आंगनात पोचेपर्यंत माहा सैपाक होते!"

'तुह्या बापाले' म्हणजे भगवानराव. ते खाटेवर बसून रेडिओवर पावसाच्या बातम्या ऐकत होते. त्यांनी आवाज थोडा वाढवला, एवढंच.

समोर नागपूरहून आलेला लेक अमर, सून प्रेरणा अन् त्यांच्या मधात दहा वर्षांची नात सलोनी. सलोनीच्या हातात टब, टबात पोळपाटाएवढं कासव. नाव बुलेट! जातीनं आफ्रिकेचा, नोंदणीचा सरकारी कागद असलेला. अमरनं तो कागद आधी दाखवला. कारण आपल्या रानातलं कासव घरी पाळलं तर फॉरेस्टवाले दोघांनाही उचलून नेतात, अन् सोडून देतात फक्त कासवाला!

सलोनीची पुण्याला बुद्धिबळाची स्पर्धा होती. जाणं-येणं धरून नऊ दिवस. तोवर बुलेट आजीकडे. पण पोरगी काही टब सोडेना. अर्ध्या तिकिटावर मिशीवाला बसला की एसटीचा कंडक्टर जसा पाहतो ना, तशी ती आजीकडे पाहत होती.

त्याला कारण होतं. दोन वर्षांमागं तिनं आपला लाडका मासा असाच आजीजवळ ठेवला होता. बरणीचं पाणी बदलताना तो मोरीत गेला. विमलताईनं सांगितलं, "बाई, थो पैनगंगेत गेला शिकाले. हुशार होता, मोठ्या माश्यायनं बोलावून नेलं." पोरीनं वर्षभर त्या माशाला चिठ्ठ्या लिहिल्या! पुढं शाळेत कोणीतरी खरं सांगितलं, तेव्हा ती तीन महिने आजीशी फोनवर फक्त 'हं' एवढंच बोलली. ते 'हं' विमलताईच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखं रुतून होतं.

"आजी," सलोनी म्हणाली, "ही यादी. हेच द्यायचं. गवत, जास्वंदाची पानं-फुलं, थोडा शेवग्याचा पाला. पोळी नाही, भात नाही, डाळ नाही, गूळ नाही, दूध नाही, तळलेलं तर अजिबात नाही. त्याला पचत नाही. तो मरून जाईल, आजी."

"अव, मले काय तू..."

"अन् काही झालं तर मला खरं सांगायचं. गोष्ट नाही. खरं."

विमलताईनं गळ्याला चिमटा घेतला. "तुही शप्पत. खरं म्हंजे खरं!"

यादी फ्रीजवर चिकटली, गाडी गेली, अन् बुलेट ओसरीत राहिला.

पहिले चार दिवस विमलताई अशी वागली, की दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरनं लाजावं! सकाळी चष्मा लावून यादी वाचायची, मगच जास्वंदाला हात. भगवानरावांनी एकदा चहात बुडवलेला टोस्ट नुसता बुलेटच्या दिशेनं नेला, तर तिनं त्यांच्या हातावर चापट मारली. "यादीत आहे का थे?"

पाचव्या दिवशी पोळा आला.

आता पोळ्याच्या दिवशी घरच्या बैलानं पुरणपोळी खाल्ल्याशिवाय विमलताई तोंडात घास घालत नसे. पण बैल विकून तीन वर्षं झाली होती. शेताचं काम आता ट्रॅक्टर करतो, अन् ट्रॅक्टरला पुरणपोळी चारता येत नाही! म्हणून ती ताट घेऊन लोकांच्या दारी जायची. मागच्या साली शंकरसिंगच्या बैलानं दहा घरचं खाऊन झाल्यावर हिच्या पोळीकडे पाहिलं अन् तोंड फिरवून घेतलं. भर चौकात! बाईला असं झालं, जसं लेकीला पाहायला आलेले पाहुणे चहा न घेता उठले.

तर यंदा तिनं ताट केलं, ओसरीत आली, अन् समोर पाहते तर काय? चार पाय! घरचं जनावर!

"आवो," ती भगवानरावांना म्हणाली, "सनाच्या दिवशी दारचं जनावर उपाशी?"

"उपाशी कुठं? सकाळी पाला खाल्ला त्यानं."

"पाला त रोजचाच आहे. सन आहे आज! एक तुकडा. नखाएवढा."

"यादीत नाई थे."

"यादी पोरीनं नागपुरात लेहली. नागपुरात काय पोळ्याचं समजते!"

नखाएवढा तुकडा म्हणता म्हणता तळहाताएवढा झाला. बुलेटनं मान बाहेर काढली, वास घेतला, अन् असा तुटून पडला की पोळी बोटासकट जाते की काय! विमलताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांनी कोणीतरी तिच्या हातचं पुरण मान डोलवून खाल्लं होतं. तिथंच गोष्ट संपली असती, तर मी सांगत बसले नसते.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आपल्याकडं त्या दिवशी लेकरं चाकावरचा लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात, अन् घरोघरी त्यांना खाऊ मिळतो, बोजारा म्हणतात त्याला. बाजूच्या घरची सात वर्षांची नयन सकाळीच रडत आली. तिच्या नंदीचा पाय मोडला होता, अन् मान वेगळी, धड वेगळं.

"रडू नोको वो बाई!" विमलताई म्हणाली. "तुले असा नंदी देतो, का पुरं मुकुटबन तोंडात बोट घालून पाहीन!"

अन् तिनं बुलेटला उचलून मोडक्या नंदीच्या चाकाच्या फळीवर बसवलं! पाठीवर ब्लाउजपीसची झूल, कडेनं सोनेरी बेगड, गळ्यात झेंडूची माळ. बुलेटनं काही हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची तर आधी मान बाहेर काढावी लागते!

पहिल्याच घरी बायका हसल्या. "हे काय वो विमलताई? बैलाचं वरचं झाकन का?"

आता विमलताईला कोणी हसलं की तिची जीभ लगाम तोडते. तिनं दोन्ही हात हवेत उडवले अन् सुरू झाली. "हासू नोका! साधा नाई हा. दोनशे वर्साचा आहे! आफ्रिकेतून समुद्रात उतरला, गोदावरी चढला, वर्धेत वळला, पैनगंगेत शिरला, अन् सिद्धा माह्या दारात! अन् आयका, हा ज्याच्या हातचं खाईन ना, त्याच्या सोयाबीनले शेंगा नाई लागनार, घोस लागतीन घोस! द्राक्षावानी!"

यंदा पावसानं सोयाबीन पिवळी पडली होती. हसणं जागच्या जागी थांबलं. एक बाई आत पळाली अन् करंजी घेऊन आली. बुलेटनं करंजी खाल्ली.

झालं! बातमी बुलेटच्या पुढं धावली, अन् बुलेटच्या पुढं धावायला काही फार दम लागत नाही! दुसऱ्या घरी वड्याचा चुरा. तिसऱ्या घरी तांदळाची खीर. चौथ्या घरी पुरण, पाचव्या घरी पुरण, सहाव्या घरी कढीत बुडवून पुरण! बंजाऱ्यांच्या तांड्यातली मानीबाई तर वाटी भरून गुळाची लापशी घेऊन वाटेतच उभी राहिली. "याडी ये, माय वो! आमच्या दोन एकरातबी येऊ द्या घोस!" सातवं, आठवं... एका घरी काकडीची फोड मिळाली, तेवढीच काय ती यादीच्या जवळपासची!

मधात एकदा विमलताईला यादी आठवली. पण लोक हात जोडत होते! कासवाला जोडत होते, पण ती बाजूलाच उभी होती ना. बाईनं यादी मनातल्या मनात घडी घालून ठेवून दिली.

अकरा घरं झाली.

सकाळी भगवानरावांच्या हाकेनं ती जागी झाली. "अव, इकळे ये. नाक धरून ये."

ओसरीचं काय सांगू! जसं रात्रभर कोणी कढीत शेणखत कालवून सडा टाकला. वास असा, की ज्यांना चाळीस वर्षांत करपलेल्या भाजीचा वास आला नाही, ते भगवानराव रेडिओ घेऊन रस्त्यावर जाऊन बसले! अन् त्या सगळ्याच्या मधात बुलेट. मान आत, पाय आत, डोळे मिटलेले. पोट फुगून कवचाच्या कडेनं कातडी बाहेर आलेली, पाव किलोच्या पिशवीत किलोभर कणीक भरावी तशी. विमलताईनं जास्वंदाचं फूल समोर धरलं. हललासुद्धा नाही.

नेमका तेव्हाच फोन वाजला. व्हिडिओ कॉल! सलोनी!

"आजी, आज फायनल आहे. एकदा बुलेट दाखव ना."

पोरीची फायनल. आता कसं सांगावं? विमलताईनं फोन छातीशी दाबला, सैपाकघरात पळाली, लोखंडी कढई टबात पालथी घातली, वरून ओला टॉवेल टाकला अन् लांबूनच फोन धरला. "हे पाय, झोपला बिचारा."

सलोनीनं डोळे बारीक करून तोंड स्क्रीनजवळ आणलं.

"आजी, बुलेटला कान कधी आले?"

कढईचे दोन्ही कान टॉवेलच्या बाहेर! विमलताई म्हणाली, "थे... हवा बदलली ना बाई. सुजले."

"कासवाला बाहेर कानच नसतात, आजी." पोरीचा आवाज एवढासा झाला. "तू शपथ घेतली होती."

"सलोनी, आयक त..."

"हं," सलोनी म्हणाली. अन् फोन बंद!

तेच 'हं'. विमलताई पालथ्या कढईजवळ मटकन बसली.

मग भगवानरावांच्या स्कूटरवर मागं विमलताई, मांडीवर टब, टबात बुलेट, अन् पिशवीत पेढ्यांचा रिकामा डबा. रिकामा कसला! जनावरांच्या डॉक्टरणीनं फोनवर सांगितलं होतं, सकाळची घाण नमुना म्हणून आणा. डॉक्टरीण म्हणजे राखी, मानीबाईचीच नात, तांड्यातली पहिली डॉक्टर. दवाखान्यात मानीबाई आपली शेळी घेऊन बसलीच होती. डबा पाहून तिचा हात पुढं आला. "कायचे पेढे वो, विमलताई?"

"हात नोको लावू!" विमलताई एवढ्या जोरानं ओरडली की शेळी टेबलाखाली शिरली.

राखीनं बुलेटला पालथा-उताणा न करता हलकेच उचलून पाहिलं, पोटाच्या कडेनं बोटं फिरवली. तिचं तोंड गंभीर झालं. "आजी, काय खाल्लं यानं?"

दवाखान्यात चार माणसं बसलेली. विमलताईची मान बुलेटसारखी आत गेली. "जास्वंद."

"अन्?"

"जास्वंदाचं... पान."

"बस? मग हे भलतंच दुखणं आहे. इंजेक्शन सुरू करावं लागीन. चुकीचं औषध गेलं तर याले झेपनार नाई, हे सांगून ठेवतो. शेवटचं विचारतो. जास्वंदच ना?"

राखीनं सुई काढली. विमलताईनं सुईकडे पाहिलं, मिटलेल्या डोळ्यांच्या बुलेटकडे पाहिलं, अन् दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले.

"थांब बाई. पुरनपोळी खाल्ली यानं. मंग करंजी. वडे. खीर. कढी. लापशी. अकरा घरचं जेवला हा. तान्ह्या पोळ्यात नंदी म्हनून फिरवला मी याले, झूल घालून."

राखीनं सुई खाली ठेवली. अन् हसली! "आजी, लहानपनी तुमी मले सांगतलं का वाघ मारेगावच्या बशीत खिडकीजवळ बसलता. मी दहावीपर्यंत खिडकीजवळ बसली नाई! आता तरी खरं सांगा."

"खरं सांगून राह्यली वो!"

"कासवाची झूल? अकरा घरं?"

आयुष्यात पहिल्यांदा बाई अक्षर न् अक्षर खरं बोलली, अन् कोणी मानेना! शेवटी तिनं पेढ्यांचा डबाच उघडून टेबलावर ठेवला. राखीनं नाकाला रुमाल लावला, चिमट्यानं चाळवलं. चण्याच्या डाळीचे कण. तांदळाची शितं. अन् चकाकणारा सोनेरी बेगडाचा तुकडा!

"लापशी त मीच देल्ली," कोपऱ्यातून मानीबाई बारीक आवाजात म्हणाली. "माह्या सोयाबीनसाठी."

राखीनं नागपूरच्या आपल्या सरांना फोन लावला, बराच वेळ बोलली. मग सांगितलं, "बरं झालं बोलल्या. आता खानं बंद. कोमट पान्यात रोज दोनदा बसवा, पानी हनुवटीच्या खालीच राह्यलं पाह्यजे. गरम जागा, वरून बल्ब. माणसाचं कोनतंच औषध नाई. ओवा नाई, हिंग नाई, एरंडीचं तेल नाई!"

विमलताईनं कमरेची ओव्याची पुडी हळूच मागं सरकवली.

घरी आली तर दारात ही रांग! सात जण, सात ताटं. सगळ्यात पुढं शंकरसिंग, हातात जिलबी.

"आमचं घर काल राहून गेलं ताई. दोन घास चारू द्या त्याले."

विमलताई टब पोटाशी धरून पायरीवर चढली. एवढ्या लोकांपुढं बोलायची तिला हौस, पण आज शब्द घशातून असे निघत होते जसा अरुंद बोळातून पोळ्याचा बैल. "घरी जा बापा. थे समदं खोटं होतं. दोनशे वर्साचं नाई हे, चार वर्साचं आहे. याले पोहता बी येत नाई. घोस-बिस काई लागत नाई. मी फेकली."

मग शंकरसिंग मान हलवत म्हणाला, "असं करा नोका ताई. सोयाबीन काय तुमच्याच वावरात पिकवाची आहे का?"

"आवो, खरं सांगतो!"

"काल सांगत होत्या थे खरं होतं. आज लपवून राह्यल्या!"

शेवटी भगवानराव खाटेवरून उठले. त्यांनी जिलबीचं ताट घेतलं, सगळ्यांसमोर एक जिलबी स्वतः खाल्ली अन् म्हणाले, "चाळीस वर्स हिच्या हातचं मी खाल्लं. माह्या वावरात लागले का घोस?" तेवढं मात्र लोकांना पटलं. पांगले.

मग तीन दिवस विमलताई घमेल्याजवळून हलली नाही. कोपर बुडवून पाणी कोमट आहे का पाहायची, बुलेटला बसवायची, हळूच पुसायची. तिला शांत बसलेलं पाहून नयननं विचारलं, "आजी, गोष्ट सांग ना." ती म्हणाली, "संपल्या बाई." मनात एकच होतं. मासा गेला तेव्हा गोष्ट होती सांगायला. हा गेला, तर पोरीला काय सांगू?

तिसऱ्या दिवशी सकाळी बुलेटनं एक डोळा उघडला. मग दुसरा. मग आंगणात सरकून गवताची एक काडी तोंडात धरली अन् चावली. करकर! त्या आवाजानं विमलताई जी रडली, जी रडली, की भगवानरावांनी रेडिओ बंद केला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा!

संध्याकाळी गाडी आली. सलोनी सरळ बुलेटकडे गेली, आजीकडे पाहिलंसुद्धा नाही. हातात दुसऱ्या नंबरचा कप होता, तो तिनं जमिनीवर ठेवला. विमलताई तिच्यासमोर खाली बसली, हात पदरात, अन् पुरणपोळीपासून पेढ्याच्या डब्यापर्यंत सगळं सांगितलं. कढईचंही. अन् न विचारता शेवटी म्हणाली, "अन् थो मासा मोरीत गेलता. माह्या हातून."

अमर अन् प्रेरणा एकमेकांकडे पाहत होते. 'पुन्हा सुरू झाली आई,' असंच दोघांच्या तोंडावर.

सलोनी म्हणाली, "खरं बोलते आहे ती."

"तुले कसं समजलं?" भगवानरावांनी विचारलं.

"गोष्ट सांगताना तिचे हात हवेत असतात. आज पदरात आहेत." मग तिनं आजीकडे पाहिलं. "मी अजून रागावलेली आहे हं. पण 'हं' नाही म्हणणार."

विमलताईला आणखी काही नको होतं. पण आठ दिवसांनी नागपूरहून फोन आला. सलोनी रडत होती. शाळेत 'माझा अनुभव' लिहायला सांगितला, तिनं बुलेटचा तान्हा पोळा लिहिला. सगळं खरं! अन् बाईंनी खाली लाल पेननं लिहिलं, 'खोटं लिहू नये. पालकांना भेटायला आणावे.'

"आजी, तूच बोल मॅडमशी. तूच ओढवलंस हे."

तर विमलताईनं मॅडमला फोन लावला. हात पदरात, फोन खांद्यात. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. लाजेनं कानाची पाळी लाल झाली, पण एक घर गाळलं नाही. मॅडम म्हणाल्या, "बरं, सलोनीच्या वहीतला शेरा मी खोडते." मग आवाज खाली करून, "आजी, एक विचारू? आमचे बाबा वणीकडं शेती करतात. यंदा सोयाबीन फार पिवळी पडली आहे हो. ते कासव... म्हणजे खरंच काही फरक पडतो का?"

विमलताईच्या जिभेवर गोदावरी आली, वर्धा आली, पैनगंगा तर दातापर्यंत आली! उजवा हात पदरातून सुटायला लागला. समोर भगवानराव टक लावून पाहत होते. तिनं हात ओढून मांडीखाली दाबला अन् म्हणाली, "नाई मॅडम. काईच नाई पडत."

फोन ठेवला.

"शाब्बास!" भगवानराव म्हणाले.

"काय शाब्बास!" विमलताई पोट धरून ओरडली. "एवढी मोठी गोष्ट गिळली मी! कसं गुडगुडून राह्यलं आतमधी! उठा, घमेल्यात कोमट पानी काढा!"